भिंतीवरचा चित्रपट

बाबूराव पेंटर यांच्याविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यातले बहुतेक सारे लिहिणाऱ्याने न पाहिलेल्या चित्रपटांविषयी असते. यात लिहिणाऱ्यांचा दोष नाही. मूकपटांच्या काळात भारतात सुमारे १,३०० चित्रपट निघाले आणि त्यांतले ३०सुद्धा आज पाहण्याजोगे उरलेले नाहीत. त्या काळची नायट्रेटची फीत ठिणगीने भडकते, भडकली नाही तर वर्षानुवर्षे कुजत जाते, आणि कुजण्याआधी कोणी विकायला काढली तर तिच्यातल्या चांदीपायी नष्ट केली जाते. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० ते १९३० या काळात काढलेल्या चित्रपटांची गत हीच झाली. ‘मुरलीवाला’ (१९२७) सारख्या एखाद्या चित्रपटाचे अवशेष वगळता बाबूरावांचे मूकपटांचे दशक आपल्यापुरते अंधारातच आहे. कोल्हापुरात खरी कॉर्नरला त्यांच्या स्वदेशी कॅमेऱ्याचे स्मारक उभे आहे. त्या कॅमेऱ्याने काय टिपले, ते मात्र आपल्याला दिसत नाही.

तरीही बाबूरावांची एक प्रतिमा आपल्या मनात पक्की आहे. १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढून त्यांनी भारतीय चित्रपटात वास्तववाद आणला. प्रेक्षकांना तो पेलला नाही. मग नाइलाजाने ते पौराणिक-ऐतिहासिक चित्रपटांकडे परतले. आम्ही दोघे पदव्युत्तर वर्गाला मराठी शिकवतो, आणि साहित्यकृतींची माध्यमांतरे शिकवताना दरवर्षी ही तीन वाक्ये विद्यार्थ्यांच्या वह्यांत उतरलेली पाहतो. ती चुकीची आहेत असे आमचे म्हणणे नाही. पण ती कशाच्या आधारावर उभी आहेत, हे विचारण्याचा हक्क विद्यार्थ्यांना आहे, आणि चित्रपटच नसताना या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर त्या चित्रपटांभोवती जे कागद छापले गेले त्यांच्याकडे वळावे लागते. पोस्टरे, हँडबिले, कथासार आणि गाण्यांच्या पुस्तिका, वर्तमानपत्रांतील जाहिराती, सरकारी राजपत्रांतील सेन्सॉरच्या याद्या. एका खेळापुरते छापलेले आणि खेळ संपल्यावर पुड्या बांधायला गेलेले हे कागद. आमचे मत असे की इतर दिग्दर्शकांच्या बाबतीत हे कागद पूरक साधन असतील. बाबूरावांच्या बाबतीत ते त्यांच्या कामाचाच भाग आहेत, आणि त्यांच्याशिवाय लिहिलेला बाबूरावांचा इतिहास अर्धा राहतो.

आधी तो प्रसिद्ध कुत्रा. ‘सावकारी पाश’विषयी लिहिताना एक दृश्य हमखास सांगितले जाते: मंद प्रकाशात दूरवरून दिसणारी एक उदास झोपडी आणि कुत्र्याचे रडणे. ही आठवण निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांची. त्यांचे मूळ म्हणणे मात्र नीट वाचण्यासारखे आहे. १९२५चा मूकपट आपल्याला अंधूक आठवतो, पण बाबूराव किती मोठे कलावंत आहेत याचा साक्षात्कार १९३६ सालचा बोलपट पाहिल्यावर झाला, असे ते सांगतात आणि मग झोपडीचे दृश्य सांगतात. म्हणजे हा कुत्रा बोलपटातला आहे. मूकपटात कुत्रा भुंकताना दिसू शकतो. रात्रीच्या अंधारात नुसता त्याचा आवाज ऐकू येऊन दृश्याला अर्थ देऊ शकत नाही. तेच दृश्य १९२५च्या संदर्भात सांगितले गेले की ज्या एका तपशिलावर आपण मूकपटाचा वास्तववाद तोलतो, तो तपशील अकरा वर्षांनी पुढचा निघतो. एका दिग्दर्शकाने एकाच कथेवर, एकाच नावाने, दोन वेगळ्या तंत्रयुगांत दोन चित्रपट काढले, ही गोष्ट जगाच्या चित्रपटेतिहासातही सर्रास घडणारी नव्हे. खरे तर बाबूरावांवरचा अभ्यास इथून सुरू व्हायला हवा होता: पहिल्या वेळी शब्दांवाचून काय साधले आणि दुसऱ्या वेळी ध्वनी हाती आल्यावर त्यांनी काय बदलले? त्याऐवजी आपण दोन्ही चित्रपटांचे एकच मिश्रण करून टाकले. ‘सावकारी पाश’चे एखादे छायाचित्र छापले गेले की त्याखालचे वर्ष आता आम्ही आपसूक तपासू लागलो आहोत.

आठवणींवर आमचा राग नाही. शांतारामबापूंचे आत्मचरित्र नसते तर महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या वाड्यातील दैनंदिन व्यवहार आपल्याला कळलाच नसता. पण आठवण सांगणारा माणूस पुढे काय झाले ते जाणून मागचे सांगत असतो. हँडबिलाला पुढचे माहीत नसते. येत्या शनिवारी किती माणसे येतील एवढीच त्याची चिंता. म्हणून ते ज्या निरागसपणे बोलते, आणि ज्या निरागसपणे खोटेही बोलते, त्याला आठवणींच्या पुस्तकाची सर नाही.

खोटे बोलते म्हणजे कसे, याचे उदाहरण फाळक्यांचे घेऊ. ‘राजा हरिश्चंद्र’ची सुरतेत झालेली जाहिरात बहुश्रुत आहे: ५७ हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे अवघ्या तीन आण्यांत. ही जाहिरात गंमत म्हणून सांगितली जाते आणि तिथेच सोडली जाते. आम्ही एकदा वर्गात फळ्यावर तिचा हिशेब मांडला. पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात १६ चौकटी बसतात. ५७ हजारांना १६ने भागले तर सुमारे ३,५६० फूट येतात, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ची नोंदलेली लांबी आहे ३,७०० फूट. म्हणजे छायाचित्रांचा आकडा जवळजवळ खरा, कोणी तरी नीट हिशेब करून दिलेला. आणि दोन मैल? दोन मैलांचे होतात १०,५६० फूट. चित्रपट एक मैलसुद्धा भरत नाही. एकाच वाक्यात एक चोख आकडा आणि एक तिप्पट फुगवलेली थाप! कागद वाचायचा तो असा, सावकाराच्या वहीसारखा, प्रत्येक रक्कम पुन्हा मोजून. मुंबईत १९१३च्या मे महिन्यात ‘कॉरोनेशन’मध्ये हाच चित्रपट लागला तेव्हाच्या जाहिरातीत त्याच्याबरोबर नाचाचा, कसरतीचा आणि विनोदी नकलांचा कार्यक्रम होता आणि तिकिटांचे दर दुप्पट असल्याची सूचना होती. पहिला भारतीय कथापट विविध करमणुकीच्या ताटातला एक पदार्थ म्हणून वाढला गेला, ही गोष्ट चित्रपटाच्या उरलेल्या तुकड्यांत कुठेही दिसत नाही. ती जाहिरातीतच दिसते.

बाबूरावांकडे वळताना मात्र एक महत्त्वाचा फरक पडतो. फाळक्यांच्या त्या जाहिराती शब्दांच्या होत्या. बाबूराव कृष्णराव मेस्त्री (१८९०–१९५४) यांचे सारे आयुष्य रंगाच्या कुंच्यात गेलेले. चुलतबंधू आनंदराव आणि ते, दोघेही नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. त्या कामामुळेच ‘पेंटर’ हे आडनाव त्यांना चिकटले. दोघांनी मिळून कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले आणि पुढे बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने तो तडीस नेला. नाटकाचा पडदा रंगवणाऱ्याची एक खास दृष्टी असते. शेवटच्या रांगेतल्या माणसाला एका नजरेत कळले पाहिजे की हा राजवाडा आहे, हे अरण्य आहे. आणि पडदा वर गेल्यावर काय घडणार याची हुरहूर पडद्यावरच्या रंगांनी आधी लावून ठेवली पाहिजे. भारतीय चित्रपटाला चित्रमय पोस्टर दिले आणि प्रेक्षकाच्या हाती माहितीपुस्तिका दिली, याचे श्रेय बाबूरावांना दिले जाते ते याच दृष्टीमुळे. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चे (१९२४) पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी एक मानले जाते.

इथे क्षणभर थांबायला हवे. ‘कल्याण खजिना’ हा शिवकालीन कथेवरचा चित्रपट गेला आणि पोस्टर राहिले. चित्रपटाचे काम आणि पोस्टरचे काम जर वेगवेगळ्या कारखान्यांत झाले असते, तर पोस्टर ही केवळ जाहिरात ठरली असती. पण महाराष्ट्र फिल्म कंपनीत नेपथ्य, वेशभूषा, दृश्याची चौकट आणि पोस्टर एकाच छपराखाली, चित्रकारांच्या एकाच चमूकडून होत होते. बाबूराव स्वतः चित्रकार. दामले-फत्तेलाल तर चित्रकलेतूनच इकडे आलेले. पोस्टर रंगवणाऱ्याने दृश्य आधी रंगवलेले असे. मूकपट काळापांढरा, त्या दृश्याचे रंग चित्रकाराच्या मनात काय होते, हे सांगणारा एकमेव कागद म्हणजे पोस्टर. पडद्यावर कधीही न दिसलेला रंग भिंतीवर दिसत होता, आणि तो पाहून आत गेलेला प्रेक्षक काळ्यापांढऱ्या चित्रात तोच रंग भरून घेत असणार. चित्रपट थिएटरच्या दारापाशी सुरू होत नव्हता. तो गावाच्या वेशीवरच्या भिंतीवर सुरू होत होता.

अर्थात पोस्टर पाहून हरवलेला चित्रपट ‘पाहिल्या’चा आव आणणेही घातक आहे. पोस्टर हे चित्रपटाने दिलेले वचन असते. ते पाळले की मोडले, हे कागद सांगत नाही. एका दृश्याच्या भव्य पोस्टरवरून सारा चित्रपट भव्य होता असे अनुमान काढणाऱ्यांना सुरतेची दोन मैलांची थाप पुन्हा एकदा आठवून द्यावी.

‘सावकारी पाश’कडे आता परत जाऊ, कारण कागद त्याच्याविषयीही काही सांगतो. या मूकपटाचे इंग्रजी नाव ‘द इंडियन शायलॉक’ असे नोंदलेले आहे. त्या काळी चित्रपटांना दोन नावे देण्याची पद्धत होती, एक देशी आणि एक इंग्रजी, आणि इंग्रजी नावाला आपण फारशी किंमत देत नाही. आमच्या मते या दोन नावांत दोन वेगळे चित्रपट आहेत. मराठी नाव फासाचे आहे. पाश म्हटले की नजर त्यात अडकलेल्या शेतकऱ्याकडे जाते, आणि तो पाश एकट्या माणसाचा नसून एका व्यवस्थेचा आहे, हेही त्या शब्दात येते. इंग्रजी नाव माणसाचे आहे, तेही नाटकातल्या. शायलॉक म्हटले की नजर सावकाराकडे जाते, त्याच्या क्रौर्याकडे, रंगभूमीवरच्या एका जबरदस्त भूमिकेकडे. शेतकरी गौण होतो. ‘भारतीय वास्तववादाचा पहिला चित्रपट’ हे बिरुद आपण ज्याला दिले, तो चित्रपट आपल्या इंग्रजी वाचणाऱ्या गिऱ्हाइकाकडे शेक्सपिअरच्या खलनायकाचे बोट धरून जात होता. नाटकाचे पडदे रंगवून वर आलेल्या माणसाला यात विसंगती वाटली नसेल. ती आपल्याला वाटते, कारण वास्तववाद म्हणजे नाटकीपणाच्या विरुद्ध काहीतरी, ही समजूत आपण पुढच्या काळातून मागे नेली आहे.

मराठी नावामागे मात्र खराखुरा इतिहास आहे. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे उसळले, तेव्हा शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या घरातल्या कर्जखतांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारला कायदा करावा लागला. या घटनेला पन्नास वर्षे झाली असताना ना. ह. आपटे यांच्या कथेवर हा चित्रपट आला: जमीन गमावून मुंबईच्या गिरणीत मजूर झालेल्या शेतकऱ्याची कथा, आणि शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम. (विद्यार्थ्यांसाठी एक सूचना: ‘सिंहगड’ला आधार असलेल्या कादंबरीचे लेखक हरि नारायण आपटे आणि ‘सावकारी पाश’चे नारायण हरि आपटे. पहिले नाव उलटे वाचले की दुसरे होते, आणि उत्तरपत्रिकांत ते नियमाने होते.)

आणि ‘नाइलाजाने परतले’ या वाक्याचे काय? राजपत्रांतल्या याद्या, जाहिराती आणि समकालीन नियतकालिके धुंडाळून वीरचंद धरमशी यांनी मूकपटांची जी सूची सिद्ध केली, ती १९९४ साली ग्रंथरूपात आली. त्याच वर्षी आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमन यांचा भारतीय चित्रपटाचा कोश निघाला. या सूच्या समोर ठेवून बाबूरावांची दहा वर्षे नुसती क्रमाने वाचावीत. सैरंध्री, सुरेखाहरण, वत्सलाहरण, सिंहगड, कल्याण खजिना, सती पद्मिनी, राणा हमीर, मायाबाजार, भक्त प्रल्हाद, गजगौरी, मुरलीवाला, बाजीप्रभू देशपांडे, लंका. या ओळीत ‘सावकारी पाश’ एकटा आहे. ज्या वाटेवरून माणूस कधी हटलाच नव्हता, त्या वाटेवर तो ‘परतला’ कसा? त्यांचे मुख्य काम पुराणे आणि इतिहासच होते, आणि त्या कामाची आपण पुरेशी चिकित्सा केली नाही, कारण ‘वास्तववादी’ हा शब्द आपल्याला अधिक प्रतिष्ठेचा वाटला. बाबूरावांचे कमी ओळखीचे काम म्हणजे ‘सावकारी पाश’ नव्हेच. ते म्हणजे या यादीतले उरलेले सारे.

त्यातल्या ‘सैरंध्री’चेच पाहा. १९२० सालच्या या चित्रपटातील कीचकवधाच्या दृश्यावर सेन्सॉरने कात्री चालवली, हे सर्वत्र नोंदलेले आहे. दृश्य फार भीषण होते असे कारण सांगितले जाते. पण मराठी वाचकाला इथे दुसरे काही आठवल्यावाचून राहणार नाही. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ साली आले आणि १९१० साली त्यावर बंदी आली, कारण कीचकाच्या जागी प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. दहाच वर्षांनी तीच कथा पडद्यावर आली आणि ती पाहून टिळकांनी बाबूरावांचा ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरव केला. ज्यांनी हा चित्रपट पुराणकथा म्हणून पाहिला त्यांच्या डोळ्यांपुढे बंदी घातलेले नाटक होतेच. पौराणिक चित्रपट म्हणजे वास्तवाकडे पाठ, हे समीकरण निदान ‘सैरंध्री’ला तरी लागू पडत नाही.

याच चित्रपटाच्या नामावलीत आणखी एक गोष्ट दडली आहे. फाळक्यांच्या तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले होते. बाबूरावांनी ‘सैरंध्री’त स्त्रियांना उभे केले: गुलाबबाई आणि अनसूयाबाई. नामावलीत मात्र त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. ‘बाई’ची ‘देवी’ करण्यात तत्कालीन समाजाविषयीचा केवढा तरी मजकूर आहे! पडद्यावर स्त्री हवी होती, पण तिचे मूळ नाव भिंतीवर नको होते. चित्रपट उरला असता तर आपण या दोघींचा अभिनय पाहिला असता. हा नावांचा व्यवहार आपल्या नजरेतून निसटला असता. आणि जिच्या पैशावर कंपनी उभी राहिली त्या गायिका तानीबाई कागलकर यांची जागा कुठे? भांडवल देणाऱ्या स्त्रीचे नाव पोस्टरवर येत नाही. कागदांची ही मुकी जागाही वाचता आली पाहिजे. तेवढ्यापुरते आठवणींच्या पुस्तकांकडे आपण पुन्हा जातो, आणि ते योग्यच आहे.

बोलपटांच्या काळातील बाबूरावांविषयी थोडक्यात. ‘उषा’ (१९३५), दुसरा ‘सावकारी पाश’ (१९३६), दुर्गा खोटे आणि केशवराव दाते यांचा ‘प्रतिभा’ (१९३७) हे चित्रपट शालिनी सिनेटोनच्या काळातले. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी वेगळे होऊन ‘प्रभात’ काढली होती आणि सारे लक्ष तिकडे गेले होते. पण १९४७ सालचा ‘लोकशाहीर रामजोशी’ घ्या. गदिमांची पटकथा-गीते, वसंत देसाईंचे संगीत, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका. हा चित्रपट राजकमलचा, म्हणून शांतारामांचा, असे आपण सहज म्हणतो. दिग्दर्शकाच्या श्रेयात नाव बाबूराव पेंटरांचेही आहे. १९२१ साली ज्या शिष्याला पहिल्यांदा पडद्यावर उभे केले, त्याच्याच संस्थेत गुरू दिग्दर्शक म्हणून आला. दोन नावे एका ओळीत कशी आली, कोणते आधी, कोणते मोठ्या टायपात, मराठी पुस्तिकेत आणि ‘मतवाला शायर राम जोशी’ या हिंदी आवृत्तीच्या पुस्तिकेत एकच क्रम होता का, हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. चित्रपटाच्या धंद्यात टायपाचा आकार करारात लिहिलेला असतो.

गाण्यांच्या पुस्तिकांविषयी आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. कथासाराच्या शेवटी ‘पुढे काय झाले ते रूपेरी पडद्यावर पाहा’ असे लिहून ऐन मोक्याच्या जागी सोडून देणारे ते चोपडे अनेक घरांत रामरक्षेच्या पुस्तकाशेजारी असे. आज पोस्टरांना आणि पुस्तिकांना बाजार आला आहे, आणि त्या बाजाराने एक नवी आपत्ती आणली आहे. मुखपृष्ठाचे छायाचित्र जगभर फिरते. आतली पाने, मागची बाजू, आकार, किंमत, छापखान्याचे नाव यांचा पत्ता नसतो. चौकटीत बसवण्यासाठी तळाची पट्टी कापली जाते आणि नेमका तिथेच मुद्रकाचा उल्लेख असतो. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव-गाव देणे बंधनकारक होते. साल नसलेल्या हँडबिलाचा काळ आणि गाव ठरवण्याचा तोच हुकमी पुरावा. देखणे तेवढे राखले जाते आणि उपयोगी तेवढे कापले जाते. एका ग्रंथालयात तर आम्हाला सांगण्यात आले की दाखल-नोंदवहीत क्रमांक नसलेला कागद ‘ग्रंथ’ होत नाही, म्हणून अशा गठ्ठ्यांची रवानगी रद्दीत झाली. त्या कर्मचाऱ्याने नियमच पाळला होता. नियम बदलायला हवा.

हे सारे कोल्हापूर-पुण्याचे झाले. छत्रपती संभाजीनगरात बसून त्याच्याशी आमचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा. सेन्सॉरच्या ज्या याद्यांवर मूकपटांचा इतिहास उभा आहे, त्या मुंबई इलाख्याच्या आहेत. कोल्हापूरही संस्थानच, पण बाबूरावांना मुंबई-पुण्यात चित्रपट लावायचा तर इलाख्याचे प्रमाणपत्र लागे, म्हणून त्यांची नोंद तिथे झाली. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राजभाषा उर्दू, कायदा वेगळा, दप्तर वेगळे. इथे चित्रपटाकडे दरबाराची नजर कशी होती याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. बंगालमधून आलेल्या धीरेन्द्रनाथ गांगुली यांनी हैदराबादेत ‘लोटस फिल्म कंपनी’ काढली होती. १९२४ साली त्यांनी आपल्या थिएटरात सुलतान रझियावरचा ‘रझिया बेगम’ दाखवला आणि त्यांना राज्य सोडण्याचा हुकूम झाला. त्याच वर्षी बाबूरावांचा ‘कल्याण खजिना’ आला. असे शिवकालीन चित्रपट औरंगाबादेत, जालन्यात, नांदेडात लागले का, कोणत्या नावाने लागले, त्यांची हँडबिले कोणत्या लिपीत निघाली? मराठी प्रेक्षक, उर्दू दरबार, कोल्हापूरचा चित्रपट. बाबूरावांच्या चित्रपटांच्या स्वीकाराचा हा सबंध प्रांत मराठी चित्रपटाच्या इतिहासात कोराच आहे, आणि तो पुण्याच्या संग्रहालयात बसून भरला जाणार नाही. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी तिथे जिवापाड जपणूक केली. पण संग्रहालयाकडे तेच जाते जे कोणी तरी आधी उचलून ठेवलेले असते. इथे उचलणारे आपणच आहोत.

आमचा प्रस्ताव साधा आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी एम.ए.च्या लघुप्रबंधांसाठी दरवर्षी निदान एक विषय असा द्यावा: एका घरातील, एका वाचनालयातील किंवा बंद पडलेल्या एका थिएटरातील चित्रपटविषयक कागदांची वर्णनात्मक सूची. आस्वाद नको, ‘योगदान’ नको. कागदाचा आकार, दोन्ही बाजूंचा मजकूर, भाषा आणि लिपी, मुद्रक, किंमत, नावांचा क्रम, आणि कागद कोणाकडून मिळाला त्याची नोंद. चित्रपटावर दहा पाने लिहिणे सोपे आहे. एका हँडबिलाचे बिनचूक वर्णन करायला विद्यार्थ्याला एक दुपार लागते. परीक्षकांना अशा प्रबंधाला गुण कसे द्यावेत हा प्रश्न पडेल, हे आम्हाला माहीत आहे. हस्तलिखितांच्या सूच्यांना ते जसे देतात तसे द्यावेत.

अडचण एक आहे, आणि ती मोठी आहे. मराठी विभागांत आता उर्दू वाचणारे फारसे कोणी उरलेले नाही. निजामी अमदानीत शिकलेली, मराठी लिहिणारी आणि उर्दू सहज वाचणारी पिढी संपत आली. आमच्या महाविद्यालयात उर्दू विभाग एकाच मजल्यावर, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. येत्या सत्रापासून दर शनिवारी दुपारी दोन्ही विभागांनी मिळून बसायचे ठरले आहे. शहागंजातल्या एका रद्दीवाल्याने बांधून ठेवलेला पहिला गठ्ठा टेबलावर आलेला आहे, आणि त्यातले वरचे चार कागद नस्तालिकात आहेत.